शेवटचं दार

बाबांनी चाळीस वर्षं लोकांची अडलेली कुलपं उघडली होती, पण कॉम्प्युटरवरच्या खेळातलं शेवटचं दार तीन महिने त्यांना दाद देत नव्हतं. दर रविवारी लेक यायची. ती माउस धरून खेळातल्या ओसाड घरातून चालायची आणि बाबा शेजारी बसून भिंतींवरच्या खुणा वहीत उतरवायचे. त्या खुणांवरून दारावरच्या चार चकत्या जुळवायच्या होत्या.

"डोकंच चालत नाही गं माझं. पुढच्या रविवारी बघू," बाबा म्हणायचे.

"हे एकदाचं उघडलं ना बाबा, की सुटले मी," ती घड्याळाकडे बघत वैतागायची.

बाबा गेल्यानंतर एका रविवारी तिने एकटीनेच खेळ लावला आणि वही उघडली. चारही चकत्यांचं उत्तर सुबक आकृती काढून मांडलेलं होतं. वर तारीख होती, ते दार पहिल्यांदा दिसलं त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हिला इतक्यात सांगायचं नाही.'

लबाड म्हातारा.

तिने तीन चकत्या जुळवल्या, चौथीला मात्र हात लावला नाही. अंधार पडेपर्यंत ती त्या बंद दारासमोर बसून राहिली. घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.