सिमेंटाखालची कमान

दुरुस्तीआधी पुलाचा दगड न् दगड मोजायचा, फोटो काढायचे, नकाशे करून ठेवायचे, हे पुरातत्त्वाचं काम घेऊन रुद्राणी नांदेडहून आली होती. देगलूरपलीकडचा निजामकाळातला पूल तो. गाडीतून उतरली अन् तिच्या डोक्यात सणक गेली. पहिली कमान सिमेंटनं लिंपून टाकलेली, कठड्याचे घडीव दगड ओढ्यात.

"माझी नोंद होईस्तोवर हात लावायचा नाही, असं ठरलं होतं ना?"

"मशीन रिकामं उभं करून कसं जमल मॅडम?" ठेकेदार गुरुलिंग दात कोरत म्हणाला. "तीन कमानी हायत की अजून. काढा फोटू."

"त्या दगडांवर पाथरवटांच्या खुणा होत्या! कोण आणून देणार आता?"

"दगडच हायत ओ." त्यानं मशीनवाल्याला हात केला.

रुद्राणी तरातरा खाली उतरली अन् दुसऱ्या कमानीखाली जाऊन उभी राहिली. "चालव आता!"

तेवढ्यात पलीकडच्या शेतातून गावातली रत्नम्मा धावत आली. आपल्याच बाजूनं कुणी आलं, असं रुद्राणीला वाटलं.

"ए बाई, हट तिथून!" रत्नम्मा कडाडली. "दोन साल झाले, पुलावरून गाडी बंद हाय. सून वाटंतच बाळंत झाली माझी. लेकरू गेलं. तवा कोणी आलं न्हाई फोटू काढायला!"

रुद्राणी पहिल्या कमानीकडं वळली. ती म्हणाली, "पूल मलाही हवाय, मावशी. पण असा? ते वाळलेलं सिमेंट दाबून बघा."

रत्नम्मानं अंगठा रेटला. खपली निघाली, मागोमाग नुसती वाळू. वाळू झटकत ती वळली.

"गुरुलिंगा, यावरून माझ्या पोरीबाळी न्हेणार व्हय रं? बंद कर ते मशीन!"

आरडाओरड ऐकून गाव गोळा झालं. मशीनवाल्यानं गुपचूप चावी काढली. वरच्या कचेरीतून इंजिनिअर येऊन तपासेपर्यंत काम थांबलं. त्या मुदतीत रुद्राणीनं तीन कमानींची नोंद पुरी केली. कठड्याचे दगड गावकऱ्यांनी ओढ्यातून वर ओढले.

पहिल्या कमानीवरचं सिमेंट खरवडलं, तेव्हा मात्र खाली एकही खूण उरली नव्हती. सिमेंट धरावं म्हणून दगडांची तोंडं छिन्नीनं टोचून टोचून सोललेली. रुद्राणीनं हातातला ब्रश दाणकन आपटला.

रत्नम्मानं तो उचलून तिच्या हाती दिला.

"झालं का तुमचं? मग आता पूल लवकर बांधा. अन् नीट बांधा."