वाऱ्यापुरत्या चिरा

"तो हात काढ तेवढा," संगणकाच्या पडद्यावर नख आपटत तिया मेर्सी म्हणाली. "खांद्यावरचा. कुणाचा तरी मधेच आलाय बघ."

"माझाच आहे तो, तिया."

"हो का? असू दे. काढ."

जोवेलिनने माउस सरकवला. फोटो पदवीदानाच्या दिवसाचा होता. त्यात ती आणि तिया मेर्सीची, म्हणजे तिच्या मावशीची, मुलगी रोझेल काळे झगे घालून शेजारीशेजारी उभ्या होत्या. जोवेलिनला डाव्या बाजूने आधीच कापून टाकलेलं होतं, पण रोझेलच्या खांद्यावर तिची चार बोटं उरली होती. शेजारच्या काळ्या झग्याचा तुकडा उचलून तिने एकेका बोटावर चिकटवला. करंगळी सगळ्यांत शेवटी गेली.

"आणि चेहरा जरा उजळ कर. शहरात राहून काळवंडलीय पोरगी. अभ्यास करून करून."

"करते."

"अक्षरं मोठी. रस्त्याच्या पलीकडनं दिसायला हवीत. लेचोनचं जेवण शनिवारी दुपारी आहे, त्याच्या आधी फ्लेक्स लागला पाहिजे." तिया मेर्सी उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "तू पण ये हं. वाईट वाटून घेऊ नकोस. देव प्रत्येकाचं पान वेगळं वाढतो."

ती गेल्यावर दुकानाचा मालक नोंग नेस्टोर छपाईयंत्रामागून डोकावला. "तुझं पान कुत्र्यानं नेलं म्हणावं," तो म्हणाला. जोवेलिन हसली. हसावं लागलं.

या गावात परीक्षेचं प्रमाणपत्र यायच्या आधी घरावर फ्लेक्स लागतो. पोर नर्स होवो, इंजिनियर होवो की शिक्षक. सरकारी परवान्याची परीक्षा पास झालं की त्याचा हसरा चेहरा दाराइतका मोठा होऊन रस्त्याकडे बघायला लागतो. ज्या घरात पदवीधर पोर आहे पण फ्लेक्स नाही, त्या घरापुढे लोक चालताना पाय हळू टाकतात. जोवेलिनच्या घरापुढे दुसरं वर्ष हळू टाकत होते. पदवीच्या जोरावर तिला शाळेत नेमणूक मिळणार नव्हती. परवाना हवा होता, आणि तो नाही म्हणून ती नोंग नेस्टोरकडे दुसऱ्यांचे फ्लेक्स करत होती.

या वेळी दोघी बहिणी एकत्र परीक्षेला बसल्या होत्या. एकत्र म्हणजे केंद्र एक. रोझेलचे वडील तियो आर्नेल जहाजावर होते, त्यामुळे ती शहरात खोली घेऊन शिकवणीला गेली. जोवेलिन छपाईयंत्राच्या घरघरीत कानाला फोन लावून तेच धडे ऐकायची. आणि तरी अडलं की रोझेल विचारायची जोवेलिनलाच. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तिचे संदेश येत होते. 'जोव, हे दोन सिद्धांत मी नेहमी उलटेच लक्षात ठेवते गं.' जोवेलिनने सुलटे करून पाठवले. निकाल लागला तेव्हा सुलटे करणारी राहिली आणि उलटे लक्षात ठेवणारी पास झाली.

रोझेलने बातमी टाकली त्या क्षणी जोवेलिनने तिच्यावर लाल बदाम दाबला. सगळ्यांत आधी. म्हणजे कुणाला काही बोलायला जागा नको. मग घरी जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ भांडी घासत बसली; घासलेलीच पुन्हा घासली. कुणी तिला विचारलं असतं तर तिने शपथेवर सांगितलं असतं की मला आनंद झाला. पण पोटात जे होतं ते आनंदाचं नव्हतं. रोझेल नापास व्हायला हवी होती असंही नाही. ती आपल्यानंतर पास व्हायला हवी होती, एवढंच. एक वर्ष मागून. एक दिवस मागून सुद्धा चाललं असतं.

यंत्रातून फ्लेक्स सरकत बाहेर येऊ लागला. आधी कपाळ, मग डोळे, मग ते उजळ केलेले गाल. 'अभिनंदन! देवाची कृपा!' आणि खाली नाव, नावापुढे 'परवानाधारक शिक्षिका'. जोवेलिनने कडा दुमडल्या, चिकटवल्या, कोपऱ्यांत पितळी रिंगा ठोकल्या.

"चिरा पाडल्यास का?" नोंग नेस्टोरने विचारलं. "आडवा रस्त्यावर लागणारय. ईशान्येचा वारा सुटलाय."

"पाडते."

मोठा फ्लेक्स उघड्यावर लावायचा तर त्यात अर्धचंद्रासारख्या चिरा पाडाव्या लागतात. वारा त्यातून निघून जातो. चिरा नसल्या तर कापड शिडासारखं फुगतं, वरच्या रिंगेपाशी उसवतं आणि तिथून तिरकं फाटत जातं. कुठून कुठे, ते जोवेलिनला डोळे मिटून सांगता आलं असतं. या फ्लेक्सवर ती रेघ डाव्या कोपऱ्यातून निघून रोझेलच्या गालावरून जाणार होती.

तिने कटर हातात घेतला. पातं एक खाच पुढे सरकवलं, मागे घेतलं. मग फ्लेक्सची गुंडाळी केली, दोरी बांधली आणि नेणाऱ्याच्या हवाली केली.

शनिवारी सकाळी ती मुद्दाम तिकडच्या रस्त्याने गेली. तिया मेर्सीच्या सज्जापासून समोरच्या माडापर्यंत रोझेल ताणून बांधलेली होती. नाताळचे कागदी कंदील तिच्या मागे बारके दिसत होते. वारा अजून पडलेला होता. जोवेलिन थोडा वेळ वर बघत उभी राहिली आणि मग स्वतःचीच लाज वाटून मदतीला आत गेली.

अंगणात लेचोनचं अख्खं डुक्कर निखाऱ्यावर फिरत होतं. रोझेल शेवयांच्या परातीपाशी कांदा चिरत होती. तिने जोवेलिनला कोपराने ढकललं. "आलीस! मला वाटलं येणार नाहीस."

"का नाही येणार?"

"मी नसते आले."

ती हे अगदी सरळ बोलली. रोझेलच असं बोलू शकत होती. जिंकलेल्या माणसाला खरं बोलणं परवडतं, असं जोवेलिनच्या मनात आलं आणि जुना काटा पुन्हा आत सरकला.

"आई मला जानेवारीत बँकॉकला पाठवतेय," कांद्यावरची नजर न काढता रोझेल म्हणाली. "तिथं कुठल्याशा शाळेत. इथं जागा निघायच्या नाहीत म्हणे. तो फ्लेक्स माझ्यापेक्षा जास्त दिवस राहील या गावात."

नाही राहणार, जोवेलिनच्या मनात आलं. तिने सुरी घेतली आणि गाजरं कापायला बसली. बँकॉक. तेही हिलाच.

दुपार व्हायला आली तशी पाहुण्यांच्या टेबलांवर ऊन आलं. "सावलीला काही नाही का गं मोठं?" असं तिया मेर्सीने बहिणीला विचारलेलं जोवेलिनला ऐकू आलं नव्हतं. ती आत तांदूळ काढत होती. तिची आई, नानाय लेती, घरी जाऊन एक घडी घेऊन आली आणि सुट्टीवर आलेल्या तियो आर्नेलने शिडीवर चढून ती चार बांबूंना बांधली, हे तिला बाहेर आल्यावर कळलं. हातात भाताचं पातेलं होतं. समोर सगळ्यांच्या डोक्यावर तिचा स्वतःचा चेहरा होता.

तो फ्लेक्स घरात आहे हे तिला माहीत होतं. गेल्या वर्षी निकालाच्या आधीच आईने शेजारच्या गावात जाऊन तो गुपचूप छापून आणला होता. जोवेलिनच्या दुकानात कसा छापणार? लेकीला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. निकाल लागला आणि फ्लेक्स तांदळाच्या पोत्याखाली गेला. पुढे आई त्यावर भात वाळवायची, पांढरी बाजू वर ठेवून. खालच्या बाजूला काय आहे ते दोघींना ठाऊक होतं आणि दोघींपैकी एकीनेही त्यावर शब्द काढला नव्हता.

तियो आर्नेलनेही पांढरी बाजू वरच ठेवली होती. डेकवर आयुष्य गेलेला माणूस. पांढरं वर असलं की ऊन कमी तापतं हे त्याला पाठ होतं. छापील बाजू खाली आली. वरच्या उन्हाने चित्रातून उजेड झिरपत होता आणि जोवेलिन, परवानाधारक शिक्षिका, शेवयांच्या पराती, गुळाचा चिकट भात आणि पंचवीस-तीस माणसांकडे बघून दात काढून हसत होती.

"अगं बाई!" शेजारची नांग फेली मान मागे टाकून वाचत म्हणाली. "तू पण पास झालीस? मग दोन डुकरं भाजायला हवी होती की!"

कुणीतरी हसलं. मग ज्यांना माहीत होतं त्यांनी ज्यांना माहीत नव्हतं त्यांना डोळ्यांनी सांगितलं आणि हसू बंद पडलं. नानाय लेती पदार्थांच्या टेबलापाशी हातात डाव धरून उभी होती. तिचं तोंड उघडं होतं. "मला वाटलं... छापलेली बाजू वर जाईल," ती कुणालाच उद्देशून म्हणाली.

जोवेलिनने पातेलं टेबलावर ठेवलं. "नाही, नांग फेली. मी नापास झाले. गेल्या वर्षी पण आणि या पण. ते नानायनं आधीच छापून ठेवलं होतं."

"हां, हां," नांग फेली म्हणाली. "बरं दिसतंय पण. फोटो छान आलाय."

त्याच वेळी वारा आला. आधी माडाच्या झावळ्या वाजल्या, मग कागदी डिशा उडाल्या आणि पोरं त्यांच्यामागे धावली. रस्त्यावरचा फ्लेक्स फटकन फुगला. रोझेलचे गाल पुढे आले, तोंड ताणलं गेलं. डाव्या कोपऱ्यातली रिंग कुरकुरली. जोवेलिनला तो आवाज सगळ्या गलक्यात वेगळा ऐकू आला. सकाळपासून ती त्याचीच वाट बघत होती.

तिने वर पाहिलं. तिच्या डोक्यावरचा फ्लेक्स हलत होता, पण फुगत नव्हता. त्यात चिरा होत्या. अर्धचंद्राकृती, सारख्या अंतरावर, एकही चेहऱ्यावर नाही, एकही अक्षराला न लागता. शेजारच्या गावातल्या कुठल्या तरी दुकानात कुणी तरी बसून त्या पाडल्या होत्या, ज्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. वारा आला की त्या चिरा ओठांसारख्या उघडत होत्या आणि मिटत होत्या. खोटाच फ्लेक्स, पण काम खरं होतं.

लेचोनच्या टेबलावर दोऱ्या कापायला आणलेला कटर पडला होता. तो तिने उचलला, तियो आर्नेलची शिडी खांद्यावर घेतली आणि रस्त्यावर आली. घडीची शिडी फ्लेक्सखाली उघडून वर चढली, पातं पुढे केलं आणि फ्लेक्समध्ये खुपसलं.

"ए! ए! काय करतेस!" तिया मेर्सी फाटकातून धावत आली. "फाडतेय बघा ती! पोरीचा फ्लेक्स फाडतेय! मी म्हटलंच होतं, पोटात दुखतंय हिच्या, वरवर गोड बोलते..."

शिडी हलली. जोवेलिनने खाली पाहिलं. रोझेलने दोन्ही हातांनी शिडी धरली होती. हातांना अजून कांद्याचा वास असणार.

"आई, ओरडू नकोस, ती पडेल," रोझेल म्हणाली. मग वर बघून, "चिरा विसरलीस काय गं?"

जोवेलिनने दुसरी चीर पाडली. भस्सकन वारा तिच्या तोंडावर आला.

"विसरले नव्हते," ती म्हणाली.

रोझेलची पकड सैल झाली असं जोवेलिनला वाटलं. शिडीचा एक पाय किंचित सरकला. मग तो पुन्हा घट्ट रोवला गेला.

"नाकावर नको पाडूस," रोझेल म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"नाही पाडत."

शिडी सरकवत सरकवत तिने सगळ्या चिरा पाडल्या. खांद्यापाशी आल्यावर तिला ती जागा दिसली. संगणकाच्या पडद्यावर कळलं नव्हतं. एवढ्या मोठ्या आकारात झग्याच्या काळ्यात चार गडद ठिगळं स्पष्ट दिसत होती, बोटांच्या लांबीची. रस्त्यावरून ती कुणाला दिसणार नव्हती. तिने ती जागा सोडून बाजूला चीर पाडली.

ती खाली उतरली तेव्हा रोझेल शिडी सोडून आत गेली होती. फ्लेक्स शांत झाला होता. तिया मेर्सी अजून वर बघत होती, कुठे कुठे कापलंय ते मोजत असावी.

अंगणात नानाय लेती खुर्चीवर चढून एका बांबूची गाठ सोडत होती. जहाजावरच्या माणसाची गाठ सुटत नव्हती.

"काय करतेस, नानाय?"

"काढते हे. आत्ता काढते. घरी नेऊन जाळते."

"राहू दे," जोवेलिन म्हणाली. तिने आईला कमरेला धरून खाली उतरवलं. "ऊन लागेल लोकांना."

तिने एक ताट घेतलं, भात वाढला, वर लेचोनचा कुरकुरीत तुकडा ठेवला आणि नांग फेलीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रोझेल येऊन बसली होती. तिने जोवेलिनकडे पाहिलं नाही, पण सॉसची बाटली हातोहात तिच्या दिशेने सरकवली.

जेवणं लांबली. ऊन कलत गेलं तशी जोवेलिनच्या फ्लेक्सची सावली अंगणात सरकत राहिली, आणि गप्पा न थांबवता, वर न बघता, लोक आपापली खुर्ची उचलून तिच्यामागे जात राहिले.