उतरताना बघायचं

आता मी नवी मुंबईत ज्या क्रीडा अकॅडमीत नोकरी करते, तिथली पोरं तपासणीच्या टेबलावर बसायच्या आधीच काय काय दुखतं ते सांगायला लागतात. काल एकाने करंगळी पुढे केली. नखाशेजारची साल निघाली होती. सोबत आई, आईच्या हातात फाइल. मी पट्टी लावली, हसले आणि दिवसभर मला पोलादपूरची आठवण येत राहिली.

स्पोर्ट्स थेरपीच्या शेवटच्या वर्षाला चारशे तास कुणाच्या तरी नजरेखाली काम करावं लागतं. तास वहीत लिहायचे आणि खाली त्या माणसाची सही. माझ्या वर्गातल्यांना मुंबईतले क्लब मिळाले. मला नाही मिळाला. मी इंग्रजीत अडखळले की समोरचा साहेब घड्याळ बघायचा. शेवटी महाडच्या फिजिओथेरपिस्ट माधुरी मॅडमनी घेतलं. सरांनी वर्गात विचारलं, "महाडला कसला स्पोर्ट?" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

मॅडमच्या दवाखान्यात सकाळी एमआयडीसीतले कामगार यायचे. रात्रपाळी संपवून, मोटरसायकली बाहेर लावून, खांदे धरून बसायचे. आणि शिमगा झाला की दर रविवारी पोलादपूरला कबड्डीचे सामने. कापलेल्या भातशेतात मैदान आखायचं, एका बाजूला आमचं टेबल, बर्फाची पेटी आणि टेप. मॅडम फुकट यायच्या, पण मंडळांना एक अट घालून. टेबलाने नाही म्हटलं की तो गडी मैदानात उतरणार नाही. मंडळांनी मान डोलावली होती. तोवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं ना!

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, "श्रुतिका, ह्या लोकांना दुखतं का असं विचारायचं नाही. ते नाहीच म्हणणार. त्यांना उतरताना बघायचं. चढताना सगळेच खोटं बोलतात."

मला राग आला होता. मी आंबेनळी घाटातल्या वरच्या वाडीतली. माझीच माणसं मला शिकवता? पण त्या खरं बोलत होत्या. आमच्या वाडीतून खाली डांबरी रस्त्याला यायला पाऊण तास. कुणी दुखतं म्हटलं तर चार माणसांना काम टाकून त्याला डोलीत घालून आणावं लागतं. म्हणून आमच्याकडे दुखत नाही. बाईचा पाय मोडला तरी ती म्हणते, जरा मुरगळलाय.

त्या रविवारी आमच्या वाडीचा संघ उपांत्य फेरीत गेला. आयुष्यात पहिल्यांदा. नियम असा, की वाडीच्या संघात वाडीचेच गडी. बाहेरचा एक जरी घेतला तरी संघ बाद. आमची निम्मी वाडी मुंबईला. रजा मिळाली ती बरोबर सात जणांना. आठवा जितेश, त्याला साहेबाने सोडलं नाही. आणि सातांतला एकच खरा चढाईवाला, माझा चुलतभाऊ स्वराज. मुंबईत घरोघर पार्सलं पोचवतो.

आधीच्या सामन्यात पकडीतून सुटताना त्याचा उजवा गुडघा वळला. तो टेबलाशी आला. मॅडम पलीकडे एकाचं फुटलेलं कपाळ बांधत होत्या. मी विचारलं, "दादा, दुखतं का?"

"नाय गो. टेप मार. मस्त रंगीत मार, फोटोत दिसला पायजे."

मी निळा टेप मारला. मॅडमना हाक मारली नाही. सगळी वाडी बघत होती आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

तासाभराने पुकारा झाला. गडी बांधावरून मैदानात उतरायला लागले. सहा जणांनी उड्या टाकल्या. स्वराज बाजूला वळला, उजवा पाय आधी खाली ठेवला, मग डावा. पुढच्या बांधावरही तसंच. उजवा आधी, मग डावा. भार सगळा डाव्यावर.

मी मॅडमकडे धावले. "मॅडम, मी चुकले. मी नुसतं विचारलं."

त्यांनी स्वराजला टेबलावर आणवलं आणि म्हणाल्या, "टेप काढ. तूच तपास. मी बघते."

मी गुडघा थोडा वाकवला, मांडी धरली, नडगी पुढे ओढली. डाव्या पायाला झटकन अडत होतं. उजव्याला अडतच नव्हतं. नडगी पुढे येतच राहिली, खुंटी सुटलेल्या दाव्यासारखी. मॅडमनी स्वतः करून पाहिलं आणि त्या टेबलापासून मागे सरकल्या.

भिकाजीकाका, म्हणजे स्वराजचा बाप आणि आमच्या मंडळाचा अध्यक्ष, शिट्टी गळ्यात घालून आला. "काय चाललंय? पंच बोलावतोय."

"काका, दादा खेळणार नाय. आतली शीर तुटलेली असणार."

"तू कोण सांगणारी? मॅडम बोलू दे."

मॅडम म्हणाल्या, "तपासलंय तिने. ती सांगेल."

"सहाच गडी ऱ्हातात गो! वाडीचं नाव हाय. आपल्या घरातली हायस ना तू?"

"ह्या पायावर तो आत गेला तर उद्यापासून चौथ्या मजल्यावर पार्सलं कोण चढवणार? तुम्ही?"

स्वराज ओरडला, "श्रुते, गप बस! मघाशी तूच सोडलंस ना मला?"

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. "सोडलं. चुकलं माझं. आता नाय सोडत."

काकाने शिट्टी काढून जमिनीवर आपटली. लाउडस्पीकरवाल्याला तेवढंच हवं होतं. "वाडीच्या डॉक्टरीनबाईंनी स्वतःचाच गडी बाद केला हो!" सगळं मैदान हसलं. माझा बाप बांधावर बसला होता, तो उठून निघून गेला.

सहा जण खेळले. सव्वीस-नऊने हरले.

मॅडमनी वहीत त्या दिवसाचे आठाऐवजी पाच तास लिहिले. मी भांडले. चूक मीच सांगितली, मग तास का कापता? त्या म्हणाल्या, "पहिले तीन तास तू टेप मारत होतीस. थेरपिस्ट नव्हतीस." सही केली आणि वही माझ्या अंगावर टाकली. आज माझ्या भिंतीवर सर्टिफिकेट आहे, त्याच्यावर ह्यातलं काही लिहिलेलं नाही.

संध्याकाळी वाडीची सगळी माणसं एकाच जीपमध्ये. स्वराज पुढे, पाय लांब करून. त्याने मागे वळून पाहिलं नाही. काका खिडकीबाहेर बघत होता. मला आठवतंय, रडायचं नाही म्हणून मी बर्फाची रिकामी पेटी घट्ट धरून बसले होते.

घाटाचं दुसरं वळण गेल्यावर स्वराजची आई, बयाबाईकाकी, माझ्या बाजूला सरकली. हरलेल्या माणसासारखाच तिचा चेहरा होता. तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

"बघ गो जरा. सात वर्सं झाली. लय दुखतो."

मी पेटी खाली ठेवली.