रिकाम्या पाच खुंट्या

मी एक जुने काचघर आहे, मित्रांनो. जेवढे उरले आहे, तेवढेच बोलेन. मध्येच बोलणे तुटले, तर तिथली काच गेली असे समजा.

इंग्लंडमध्ये, डेव्हनमधल्या एका हवेलीच्या बागेत, उंच विटांच्या भिंतीला टेकवून मला बांधले. बाहेर हिम पडे, तरी माझ्या पोटात द्राक्षवेली उबेत असत. पाहुणे म्हणत, "काय थाट आहे!" थाट बॉयलरचा होता, आणि रोज कोळसा ओढणाऱ्या त्या—

(इथे काच नाही.)

माझ्या दाराबाहेर पाच खुंट्या होत्या. मुख्य माळ्याच्या हाताखालचे माळी पाच. आत येताना प्रत्येकाने आपली टोपी खुंटीवर अडकवायची. वेलींना पिठ्या ढेकूण लागला, की मुख्य माळी ट्रेथवी आत विषारी धूर सोडत. त्याआधी खुंट्या पाहत. रिकाम्या, म्हणजे आत कोणी नाही.

त्या जूनमध्ये ऊन अडवायला माझ्या काचांना चुना फासला होता. संध्याकाळी हवेलीच्या बाईसाहेब द्राक्षे पाहायला येणार होत्या. पाचांतला विल्फ हॉकडे घडांतले दाणे विरळ करायला कात्री घेऊन आला, तो टोपी घालूनच.

"टोपी खुंटीला लाव की रे," दुसरा माळी नेड म्हणाला.

"आणि बाईसाहेब आल्यावर मान द्यायला काय काढू? डोकं?"

"काढ की. आत तसंही काही नाही."

नेड हसत कुंड्या धुवायला गेला. विल्फ पार टोकाला, वेलींआड कामाला लागला.

बाईसाहेबांचे येणे रद्द झाले. तो निरोप ट्रेथवींना मिळाला, विल्फला नाही. "मग धूर आजच देऊन टाकू," ते म्हणाले. खुंट्या पाहिल्या. पाचही रिकाम्या. दारातूनच त्यांनी विषाची पुडी आम्लाच्या भांड्यात सोडली आणि कुलूप लावले.

थोड्या वेळाने नेड आला. "विल्फ निघाला का?"

"आत कोणी नाही. टोपी कुठंय त्याची?"

"टोपी त्याच्या डोक्यावर आहे, मिस्टर ट्रेथवी."

मी काचेचे, मित्रांनो. आरपार दिसावे म्हणून घडवलेले. आणि त्या दिवशी—

(इथे काच नाही. ही ट्रेथवींनी मुठीने फोडली. उशीर झाला होता.)

पुढे दार लावण्याआधी ते आत येऊन पाचही नावांनी हाक मारत. चौघे बाहेरून "हो" म्हणत. पाचव्या नावानंतर ते जरा थांबत, मग किल्ली फिरवत.

मग युद्ध आले, माळी गेले, बॉयलर गंजला. छपरातून काटेरी झुडपे वर आली. आता कोणी मापे घेऊन गेले आहे. मला नव्या काचा बसवणार म्हणे. जरूर बसवा. फक्त खुंट्यांवर विसंबू नका. दार लावण्याआधी आत हाक मारा.

उत्तर आले नाही, तरी जरा थांबा.