मात करण्याची अकरा कार्डं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. कप्पे तीन, बिजागऱ्या दोन (त्यातली एक गंजलेली) आणि पोटात अकरा कार्डं. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी क्रियापद, दुसऱ्या बाजूला त्याचं पोर्तुगीज. सगळी मात करण्याची. इंग्रजीत सामन्यात ‘बीट’ करतात, लढाईत ‘डिफीट’, अडचणीला ‘ओव्हरकम’. पोर्तुगीज ‘वेन्सेर’ मात्र प्रतिस्पर्ध्यालाही चालतं, भीतीलाही आणि आजारालाही. ते बाईंचं लाडकं कार्ड.

बाई घरीच पोर्तुगीज शिकवत. त्यांच्या धाकट्या भावाने मला बनवलं. माझा नियम सोपा: उत्तर बरोबर आलं की कार्ड एक कप्पा मागे, चुकलं की पुन्हा पहिल्या कप्प्यात. माझ्याभोवती मुलांची झुंबड उडायची.

मग बाईंना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, शब्द गेले. मी कपाटावर धूळ खात राहिले. एके दुपारी बाईंच्या मुलीने मला खाली उतरवलं. बाईंनी डाव्या हाताने तिसऱ्या कप्प्यावर टिचकी मारली आणि वर्गाच्या खोलीकडे बोट दाखवलं. अकराच्या अकरा तिथे पोचली, की वर्ग सुरू.

मुलगी रोज विचारू लागली. बघता बघता दहा कार्डं तिसऱ्या कप्प्यात गेली. उरलं ‘ओव्हरकम’. उत्तर हवं होतं ‘सुपेरार’.

“दे... देरोतार,” बाई म्हणाल्या. ते तर ‘डिफीट’चं उत्तर.

“मस्त!” मुलीने कार्ड मागे सारलं.

बाईंनी ते ओढून घेतलं, उलटून वाचलं.

“लबाड!” आजारपणानंतर इतका स्वच्छ शब्द पहिल्यांदाच आला.

“अगं आई, जवळपास बरोबरच होतं की!”

“जवळपास... म्हणजे... चूक.”

“तू किती दमतेस गं. मला बघवत नाही.”

“मग... डोळे मीट. आणि... विचार.”

मुलीला रडता रडता हसू फुटलं. आधीचीही अशीच सरकली असतील, म्हणून सगळी कार्डं पुन्हा विचारली गेली. तिसऱ्या कप्प्यात तीनच टिकली. आता माझं झाकण कायमचं मिटणार, असं मला वाटलं. पण बाईंनी पहिल्या कप्प्यातली कार्डं पुढे ओढली.

मित्रांनो, माझ्या बिजागरीला थेंबभर तेल जरूर घाला. पण आजारी माणसाचं कार्ड दया येऊन मागे सारू नका. त्याला पुन्हा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आज सकाळची मोजणी: पहिल्या कप्प्यात शून्य, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात नऊ.