जाळं बुडेपर्यंत

"जिथी वाजवाचं नाई, तिथी मोजाचं काऊन?"

गिरजाने विचारलं आणि डग्ग्यावरचा हात तसाच अधांतरी धरून ठेवला. बाकीची पोरं शालिकरामकडे बघू लागली. उभी हयात त्याने दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, तबला वाजवला, पण हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. तीनतालाच्या तिसऱ्या ओळीत डग्गा गप्प बसतो आणि टाळीऐवजी तळहात उताणा करून 'खाली' दाखवतात, एवढं गुरूने शिकवलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर कानशिलात बसली असती.

"ताल तसाच असते," तो खेकसला. "मोज गुपचूप."

"पण तसा काऊन असते, भाऊ?"

त्याने उजवा हात उगारला. डावा नेहमीप्रमाणे दुपट्ट्याखाली होता. पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला, त्यातून पाय कसाबसा सावरला, पण डग्ग्यावरचा हात गेला तो गेलाच. तो कुणाला दिसू नये म्हणून हा गृहस्थ भर उकाड्यातही दुपट्टा पांघरून बसे. पोरांनी उगारलेला हात पाहिला आणि धूम ठोकली, ती थेट बोडीवर, म्हणजे गावामागच्या तळ्यावर.

आता पंचाईत झाली. मंडई, म्हणजे गावची जत्रा, आठवड्यावर आली होती. दंडारीचा कारभार बापूजी पाटलांचा, आणि त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "पोरायले तयार कर, शालिकराम. नाई जमलं त मी पोंभुर्ण्याहून तबलजी बोलावतो." पाटलांचं काही चूक नव्हतं. पण ते ऐकल्यापासून शालिकरामला अन्न गोड लागत नव्हतं. बाहेरचा तबलजी आला की आपला तबला माळ्यावर जाणार, आणि मग या गावात आपलं म्हणून काहीच उरणार नाही, या विचाराने त्याचा जीव तुटायचा.

पाय ओढत तो पोरांच्या मागे निघाला. निघाला तेव्हा रागात होता, पण वाटेत राग पातळ झाला आणि त्या पोरीचा प्रश्नच डोक्यात भुंगा होऊन बसला. खरंच, काऊन?

बोडीत गिरजाचा बाप डोमा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं फेकत होता. जाळं हवेत गोल उघडलं, पाण्यावर पसरलं आणि बुडू लागलं. डोमा मुठीत दोरी धरून जागच्या जागी थांबला. त्याचे ओठ तेवढे हलत होते. एरवी क्षणभर गप्प न बसणारी पोरंही काठावर श्वास रोखून उभी होती.

"ओढून काऊन नाई राह्यला, डोमा?" शालिकरामने काठावरून विचारलं.

डोमाने मान हलवली, आणखी थांबला, मग ओढलं. जाळ्यात मासोळ्या फडफडत होत्या.

"जाळं तळाले बसू द्या लागते, भाऊ. आधी ओढलं त मासोळी खालून निसटते. फेकाले कोनालेही येते, थांबनंच कठीन."

"आन् ओठ काय हालवून राह्यला होता?"

"मोजून राह्यलो होतो. नाई मोजलं त हात घाई करते."

शालिकराम काठावर टेकला. इतक्या वर्षांनी त्याला आपलाच ताल कळला होता आणि हसावं की रडावं ते समजत नव्हतं. "गिरजे," तो म्हणाला, "इथी ये. सांगतो काऊन ते."

मग काठावरच तालीम सुरू झाली. फेकलं, पसरलं, बुडालं, ओढलं. तीनतालाच्या चार ओळींना पोरांनी ही चार नावं दिली. पहिल्या 'धा'ला हात झोकून द्यायचे, 'बुडालं' आलं की तळहात उताणे करून थांबायचं. जो घाई करेल त्याच्यावर बाकीचे ओरडत, "मासोळी गेली!" दुसऱ्या दिवसापासून पोरं अंगणाअंगणात न दिसणारी जाळी फेकू लागली. त्यांच्या आया कपाळावर हात मारून घेत.

मंडईच्या दिवशी दुपारच्या दंडारीला शालिकरामने तबल्यावर गिरजाला बसवलं.

"पोरगी?" बापूजींनी विचारलं.

"दिवसाची दंडार हाये, बापूजी, रातभर जागाची नाई. आन् तिले थांबता येते."

सुरुवात झकास झाली. पुढे नाचणारे रंगात आले, टाळ्या-शिट्ट्या वाढल्या आणि गिरजाचा हात पळू लागला. तिला मोजणं सापडेना. रडवेल्या डोळ्यांनी ती समोर बसलेल्या शालिकरामकडे पाहू लागली. त्या गलक्यात ओरडून काय ऐकू जाणार? बापूजींच्या कपाळावर आठी चढली.

शालिकरामने दुपट्टा झटकून टाकला. निर्जीव डावा हात उजव्याने उचलला आणि साऱ्या गावासमोर मांडीवर उताणा ठेवला. त्या तळव्यावर उजव्या हाताने तो टाळी देऊ लागला. फेकलं. पसरलं. तिसऱ्या ओळीला त्याने उजवा हात उचलून बाजूला घेतला. मांडीवर राहिला तो उघडा, न हलणारा तळवा.

गिरजाने तो पाहिला. तिचा डग्गा गप्प झाला. ती थांबली, पुरेपूर थांबली, आणि मग ओढलं.

दंडार संपून माणसं पांगली, तरी दुपट्टा धुळीत तिथेच पडला होता. शालिकराम तो न घेताच घरी गेला.