पिवळ्या स्वेटरातली मुलगी

त्या वाक्यानंतर दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं. प्रतीक्षालयाच्या काचेपलीकडे विमान उभं होतं आणि त्याच्या पोटात माणसं सामान भरत होती. काचेच्या अलीकडे सासरे आणि जावई, मधे बाबागाडी ठेवून, एकमेकांकडे न पाहता ते सामान पाहत होते. ओल चढलेल्या भिंतीसारखी ती शांतता होती. तिला पाठ टेकवायची सोय नव्हती.

वाक्य सासऱ्यांचं होतं आणि साधंच होतं. "दोन छोट्या खाटा करून घेतल्यात मी. कठड्याच्या. सुतारानं काम चांगलं केलंय."

पंधरा दिवसांसाठी आजोळी येणाऱ्या नातींकरता कोणी सुताराला बोलावत नाही, एवढं जावयाला कळत होतं.

त्याची बायको वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी लांब गेली होती. त्याला चार महिने झाले होते. घराच्या पुढच्या खोलीत तो पुस्तकबांधणी करी आणि मागच्या खोलीत दोन मुली वाढवी, आणि या दोन खोल्यांमधला उंबरठा दिवसातून शंभरदा ओलांडताना आपण नक्की कोणत्या बाजूला आहोत हे त्याचं त्यालाही उमजत नसे. गेल्या महिन्यात धाकटीचा कान फुटला. सासरे धावत आले, आणि त्यांना थोरलीच्या केसांत सरस चिकटलेला सापडला. आई परत येईपर्यंत मुली आजोळी राहतील, हे त्या क्षणी त्यांच्या मनात ठरून गेलं. बायको फोनवर म्हणाली होती, "तुम्ही दोघं काय ते ठरवा. मी इथून पंचगिरी करणार नाही." आणि जावई अजूनपर्यंत 'हो' म्हणाला नव्हता, 'नाही' म्हणायचंही त्याला धाडस झालं नव्हतं.

"तुमच्याच सोयीचं बघतोय," सासरे काचेकडे बघत म्हणाले.

"हो, बाबा. मी जरा बाटली धुऊन दूध भरून आणतो."

सासरे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. लोकांच्या हद्दी आखण्यात जन्म गेलेला. खुणेवाचून त्यांचं पान हलत नसे. पावणेदोन वर्षांच्या या दोन जुळ्या नाती एका साच्यातून काढलेल्या, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी खूण ठरवून टाकली होती: पिवळा स्वेटर ती थोरली भिंगरी, हिरवा ती धाकटी मुंगी. उकडतं म्हणून प्रतीक्षालयात दोन्ही स्वेटर काढून ठेवले होते. जावई बाटली धुवायला गेला असताना विमानाची घोषणा झाली, आणि सासऱ्यांनी झोपलेल्या मुलींना ते घाईघाईनं परत चढवले.

विमानाच्या दारात हवाईसुंदरीनं दोघांचे पास पाहिले आणि मान हलवली. "दोन बाळं एका रांगेत नाही बसवता येणार, सर. एका बाजूच्या रांगेला प्राणवायूचा जादा मुखवटा एकच असतो. आजोबा बाराव्या रांगेत बसतील, तुम्ही सतराव्या."

"मी भिंगरीला घेतो," म्हणत सासऱ्यांनी पिवळा स्वेटर उचलला आणि ते आत गेलेसुद्धा. ठरलंही तसंच होतं. विमान उतरताना कान दडपतात. डॉक्टरांनी मुंगीला तेव्हा घोटघोट पाजायला सांगितलं होतं, म्हणून ती आणि तिची बाटली बापाकडे राहायची होती.

जावयानं हिरव्या स्वेटरातली मुलगी गाडीतून उचलली आणि उचलताक्षणी थबकला. कुशीत शिरताना हनुवटी गळ्यात रुतवायची सवय भिंगरीची. मुंगी गाल टेकवायची.

सतराव्या रांगेतून त्यानं हाक मारली. "बाबा! अदलाबदल झालीय. तुमच्याकडे मुंगी आहे."

बाराव्या रांगेवर एक पांढरं डोकं उगवलं. "जावईबापू, डोळे शाबूत आहेत माझे. पिवळा म्हणजे भिंगरी."

"अहो, एकीचा स्वेटर दुसरीला घातला गेलाय."

"मी घातलेत! माझ्या हातून खूण चुकायची नाही. आणि झोपलीय ती, आता उगाच उठवू नका."

मधल्या चार रांगांमधली डोकी आधी मागे वळली, मग पुढे. जावई खाली बसला. गेला महिनाभर तो असाच खाली बसत आला होता.

शेजारी एक वर्तमानपत्रवाले गृहस्थ होते. त्यांनी गुडघे आक्रसून घेतले आणि विचारलं, "किती वेळ?"

"दोन तास लागतात म्हणे."

"प्रवासाचं नाही हो. ही किती वेळ झोपणार?"

ती वीस मिनिटं झोपली. मग तिनं समोरचा टेबलाचा फळा उघडायचा आणि मिटायचा खेळ काढला, गृहस्थांचा चष्मा दोनदा ओढला, आणि त्यांच्या वर्तमानपत्राचं एक पान सफाईनं निकालात काढलं. "असू द्या," ते हताशपणे म्हणाले, "तसंही वाचण्यासारखं काही नव्हतं." जावई कसाबसा हसला, त्याचं लक्ष पुढच्या त्या पांढऱ्या डोक्यावर होतं. तिकडून मधूनमधून ऐकू येई, "भिंगरी, ते बघ ढग. अगं भिंगरे, बघ तरी!" आणि उत्तरादाखल काहीच नाही. खिडकीबाहेर ढगांचा पांढरा प्रदेश बिनहद्दीचा पसरला होता.

मग विमान खाली झुकलं. पट्ट्यांचे दिवे लागले. आणि बाराव्या रांगेत रडणं सुरू झालं.

भिंगरी रडायची ती भांडल्यासारखी, सगळं घर साक्षीला बोलावून. हे रडणं वेगळं होतं. आधी श्वास आत गिळला जाई, मग एक भयाण पोकळी, आणि मग त्या पोकळीच्या तळातून वर येणारी किंकाळी. कान फुटला त्या सकाळी त्यानं ती ऐकली होती. तो अर्धवट उठला.

"बसा, सर! पट्टा लावा!" समोरच्या आसनावर स्वतःला बांधून बसलेली हवाईसुंदरी ओरडली.

त्यानं बाटली पुढच्या बाईंच्या खांद्यावरून सरकवली. "बाराव्या रांगेत द्या, प्लीज. पिवळा स्वेटर."

"कुणाची ही?"

"पुढे द्या हो, पोर रडतंय केव्हाचं!"

"झाकण घट्ट आहे ना? सांडेल माझ्या अंगावर."

हातामागून हात करत बाटली पांढऱ्या डोक्यापाशी पोहोचली. रडणं थांबलं नाही.

"घेत नाहीये ती!" सासऱ्यांचा आवाज चिरकला होता. असा आवाज जावयानं कधी ऐकला नव्हता. "तोंड फिरवतेय!"

"आडवी नका धरू, बाबा! उभी धरा, छातीशी. बाटली तिच्याच हातात द्या, तुम्ही नुसती खालून सांभाळा!"

"भिंगरी, घे गं बाळा, भिंगरी..."

"भिंगरी नका म्हणू!" तो इतक्या मोठ्यानं बोलला की वर्तमानपत्रवाल्यांच्या मांडीवर पोचलेली खरी भिंगरीही चमकून गप्प झाली. "मुंगी म्हणा तिला. तिला तिच्या नावानं हाक मारा!"

मग पुढून एक खोल गेलेला, म्हातारा आवाज आला. "मुंगी... मुंगे, मी आहे गं."

किंकाळी हुंदक्यावर आली. हुंदका अडखळला. आणि मग, इंजिनाच्या घरघरीखालूनही ऐकू यावा असा, घशाखाली उतरणाऱ्या पहिल्या घोटाचा आवाज जावयाला ऐकू आला; निदान त्याला तसं वाटलं.

"पितेय," सासरे म्हणाले.

"पितेय," चौदाव्या रांगेतल्या बाईंनी मागे कळवलं.

"पितेय हो," गृहस्थ त्याला म्हणाले, जणू त्यानंच ऐकायचं राहिलं असावं, आणि त्यांनी भिंगरीला आपणहून चष्मा दिला. चाकं जमिनीला टेकली तेव्हा जावयाच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत.

सामानाच्या दालनात पट्टा अजून रिकामाच फिरत होता. मुंगी आजोबांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. त्यांच्या सदऱ्यावर दुधाचा मोठा डाग होता, आणि तो पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"दोन तास मी तिला भिंगरी म्हणत होतो," ते म्हणाले. "आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मोजणीत हद्द चुकली की शेताचा मालक बघायचा ना, तशी."

"दमली होती ती, बाबा."

"माझी समजूत नका काढू."

जावयानं भिंगरीला एका कडेवर सावरलं. महिनाभर तोंडाशी येऊन परत जाणारं ते वाक्य या वेळी सरळ, सहज बाहेर आलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं. "बाबा, पंधरा दिवसांनी मी दोघींना घेऊनच परत जाणार आहे. दोघी माझ्याजवळच राहतील. खाटा असू द्यात, आम्ही येत राहू. तुम्हाला चालेल ना?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते जवळ आले, आणि त्यांनी मुंगीला अलगद त्याच्या मोकळ्या खांद्यावर ठेवलं. तिची मान वळवून, दुखरा कान वर येईल अशी. हात काढून घेण्यापूर्वी त्यांनी तो क्षणभर तिच्या पाठीवर ठेवला. पट्ट्यावर पहिली बॅग आली होती. ती उचलायला ते तिकडे चालू लागले.